हल्मोनीचा तागा कापू का?

पत्रलेखिका २७ वर्षांची आहे. वाढली पुण्यात, कलेचं शिक्षण मुंबईत. आई साताऱ्याकडची, वडील दक्षिण कोरियाचे. नोकरीच्या निमित्ताने ते पुण्याला आले आणि इथेच राहिले. वडिलांची आई, म्हणजे तिची हल्मोनी, कोरियाच्या पश्चिम किनाऱ्याजवळ सोचॉन भागातल्या हानसानची. ती मोशी विणायची. मोशी म्हणजे रॅमीच्या झाडाच्या सालीतून काढलेल्या धाग्यांचं, उन्हाळ्यात घालायचं, पातळ आणि किंचित कडक कापड. दोन वर्षांपूर्वी हल्मोनी ८४व्या वर्षी गेली. तिच्या पेटीतला मोशीचा एक अखंड तागा आणि उरल्यासुरल्या तुकड्यांतून तिने शिवलेली काही जोगाकबो, म्हणजे जोडकामाची आच्छादनं, वडिलांच्या वाट्याला आली.

आता मुंबईतल्या एका कलादालनाने हिला पहिलं एकटीचं प्रदर्शन देऊ केलं आहे. विषय तिनेच सुचवला: हल्मोनीचं प्रेम. तागा कापून, तुकडे जोडून भिंतभर एक काम करायचं तिच्या मनात आहे. पण कोरियातली आत्या, जिला ती गोमो म्हणते, फोनवर रडली. "आईने ते अंगावर घालायला विणलं, भिंतीवर टांगायला नाही. कात्री लावलीस तर माझ्याशी बोलू नकोस." संयोजकांना निवेदनात युद्ध, जपानी राजवट, 'कोरियन दुःख' हवंय, कारण बघणाऱ्याला ते भिडतं. एक मैत्रीण म्हणाली, सध्या कोरियाची लाट आहे, बरोबर वेळ साधलीस. ओळखीच्या एका कोरियन विद्यार्थिनीने विचारलं, भाषा येत नाही तर हा वारसा तुझा कसा? आणि तिला स्वतःला छळणारी गोष्ट वेगळीच आहे: "हल्मोनी आणि मी एकमेकींशी धड चार वाक्यं बोललो नाही. तिच्या प्रेमावर प्रदर्शन करायचा मला हक्क तरी आहे का?"

हक्काबद्दल तू पत्रात पुन्हा पुन्हा विचारलं आहेस, म्हणून तिथूनच सुरुवात करते. तू ज्याला एक प्रश्न समजतेस ते खरं तर तीन आहेत, आणि ते एकाच गाठोड्यात बांधल्यामुळे तुला कुठलंच उत्तर सापडत नाहीये. एक नात्याचा, एक कारागिरीचा आणि एक त्या ताग्याचा.

नात्याचं उत्तर तुझ्याच पत्रात आहे. तुझा जन्म झाला तेव्हा हल्मोनी वाळवलेलं समुद्री शेवाळ घेऊन पुण्याला आली आणि तुझ्या आईला रोज त्याचं सूप करून घातलं, असं तू लिहिलंस. कोरियात बाळंतिणीला हेच सूप देतात, मियॉकगुक, आणि पुढे आयुष्यभर प्रत्येक वाढदिवसाला ते प्यायचं असतं. त्याच स्वयंपाकघरात तुझी साताऱ्याची आजी डिंकाचे लाडू वळत होती. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता, आणि तरी कुणी काय करायचं हे दोघींना पक्कं ठाऊक होतं. अशा घरात जन्मलेल्या मुलीने नात असल्याचा पुरावा कुणाला द्यायचा? त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाला मनातल्या मनात उत्तरं देत बसू नकोस. भाषा येत नाही ही उणीव आहे, आणि ती भरून काढता येते. ती तू भरून काढावीस असं मला मनापासून वाटतं, पण कुणापुढे कोरियन ठरण्यासाठी नाही. गोमोशी बोलताना वडिलांना मध्ये घालावं लागू नये म्हणून.

मैत्रिणीचं बोलणं सोडून दे. लाट येण्याआधी तुझ्या घरी दर हिवाळ्यात सोचॉनहून गिमच्या, म्हणजे वाळवलेल्या शेवाळाच्या पापुद्र्यांच्या, पुड्या येत होत्याच.

कारागिरीकडे येऊ. इथे मला तुझ्या एका वाक्यावर थांबायचं आहे. तू लिहितेस, "हल्मोनी आयुष्यभर आमच्यावरच्या प्रेमापोटी विणत राहिली." आणि दोनच ओळींनंतर, अगदी ओझरतं लिहितेस की बाबांच्या कॉलेजची फी मोशी विकून भरली. ही दोन वाक्यं शेजारी शेजारी ठेवून पुन्हा वाच. दुसरं वाक्य खरं असेल, तर पहिलं अपुरं आहे.

मोशी कशी होते हे तुला माहीत असेल, पण मला वाटतं तू ते अजून अंगाने जाणलेलं नाहीस. रॅमीचे उंच दांडे कापायचे, पानं काढायची, बाहेरची साल खरवडून आतला तंतुमय पापुद्रा सोडवायचा. तो भिजवायचा, उन्हात टाकायचा, पुन्हा भिजवायचा, पांढरा होईपर्यंत. मग येतं ते काम, ज्याला यंत्र नाही आणि हत्यारही नाही: तो पापुद्रा दातांत धरून, जिभेने आणि ओठांनी सावरत केसासारखा बारीक चिरायचा. वर्षानुवर्षं हे करणाऱ्या बायकांचे ओठ फाटतात, जीभ सोलवटते, दात झिजतात. मग एकेका तंतूचं टोक दुसऱ्याच्या टोकाला लावून उघड्या गुडघ्यावर, थुंकीच्या ओलाव्याने वळून जोडायचं. उभ्या धाग्यांना सोयाबीनच्या पिठाची खळ लावायची आणि विस्तवाच्या मंद धगीवर वाळवायची. आणि विणायचं ते दमट, कोंदट खोलीत, भर उन्हाळ्यात, खिडक्या लावून. कारण हवा कोरडी असली की धागा तुटतो. एवढं करून जे कापड हातात येतं त्याचा पन्हा सुमारे ३० सेंटिमीटर. हानसानच्या या विणकामाला कोरियाने १९६७ मध्ये राष्ट्रीय वारशाचा दर्जा दिला आणि २०११ मध्ये युनेस्कोने ते आपल्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.

हे सगळं तुझ्या हल्मोनीने केलं, बाजारात विकलं, पैसे मोजून घेतले आणि मुलाला इंजिनिअर केलं. त्याला फक्त 'प्रेम' म्हणून मोकळं झालं की तिची मेहनत दिसेनाशी होते. आपल्याकडेही आपण हेच करत आलो. आजीने पहाटे उठून काय काय केलं ते सांगताना आपण तिच्या मायेवर येऊन थांबतो. तिची मजुरी, तिची हुशारी, कुठल्या कामाचा तिला कंटाळा होता आणि कुठल्याचा अभिमान, हे कुणी विचारत नाही. तुझ्या प्रदर्शनाला 'आजीचं प्रेम' हे नाव मला म्हणूनच थोडं तोकडं वाटतं. ती तुझी हल्मोनी होण्याआधी कित्येक वर्षं विणकर होती.

आणि तिचा जीव फक्त नातवंडांत होता असं तरी का धरून चालायचं? कोरियातल्या जुन्या जोसन राजवटीच्या उत्तरकाळात, एकोणिसाव्या शतकात, यू घराण्यातल्या एका विधवेने मोडलेल्या सुईवर एक शोकलेख लिहिला. सुई २७ वर्षं तिच्या हातात होती. एखादं माणूस गेल्यावर लिहावं तसं तिने लिहिलं आहे: सुईचे गुण, तिची साथ, ती मोडली तो क्षण, स्वतःच्या हाताला दिलेला दोष. कोरियात तो लेख आजही वाचला जातो. मला तो फार जवळचा वाटतो, कारण त्यात मुलं नाहीत, नातवंडं नाहीत. एक बाई आहे, तिचं काम आहे आणि त्या कामावरचा तिचा जीव आहे. तुझ्या हल्मोनीचंही असं काही असेल. एखादी धोटी, एखादी फणी, मागावरची एखादी जागा. ते तुला माहीत नाही, आणि ते माहीत करून घेणं हे तुझं खरं काम आहे, प्रदर्शनाआधीचं.

म्हणून कारागिरीवरच्या हक्काबद्दल मी एवढंच म्हणेन की तो शिकून मिळतो. किमसूजा ही कोरियन कलावंत सांगते की १९८३ मध्ये आईबरोबर पांघरुणाचा अभ्रा शिवत बसलेली असताना तिला आपल्या कलेची वाट दिसली. पुढे तिने गाठोडी, जुनी पांघरुणं, सुई यांतूनच सगळं उभं केलं. ती आपल्याकडेही येऊन गेली आहे. २००७-०८ मध्ये तिने मुंबईच्या धोबीघाटावर चित्रीकरण करून एक मोठं काम केलं. सो दो-हो या कोरियन कलावंताने १९९९ मध्ये सोलमधलं आपलं लहानपणचं घर अख्खंच्या अख्खं पारदर्शक रेशमात शिवलं, दारं, खिडक्या, छतासकट, आणि त्यासाठी पारंपरिक शिवण शिवणाऱ्या बायकांकडे बसून ती शिवण शिकला. या दोघांची नावं तू तुझ्या पत्रात 'प्रेरणा' म्हणून दिली आहेस. मग त्यांच्याकडून हेही घे, की आधी हात शिकले आणि विषय मागून आला.

तुझा हात अजून शिकलेला नाही हे मी कशावरून म्हणते? तू निवेदनाचा कच्चा मसुदा पाठवलास त्यात जोगाकबोला 'कोरियन गोधडी' म्हटलं आहेस. इथल्या लोकांना समजावं म्हणून लिहिलंस, हेतू चांगला आहे, पण त्या दोन वस्तूंत जे खास आहे तेच या नावाने पुसलं जातं. गोधडी थरांची असते. जुनी लुगडी, धोतरं एकावर एक घालायची आणि धावदोऱ्याने सगळे थर एकत्र पकडायचे. तिचं काम ऊब देणं. उन्हाळी जोगाकबो एकेरी असते. तिला अस्तर नाही, आत भरण नाही. दोन तुकड्यांच्या कडा एकमेकींत दुमडून अशा शिवतात की कुठलीही कड उघडी राहत नाही आणि कापडाला उलटी बाजूच उरत नाही. उजेडासमोर धर: तुकडे फिकट दिसतात आणि शिवणी गडद रेघांसारख्या उमटतात, कारण तिथे कापड दुमडून जाड झालेलं असतं. तिचं काम झाकणं आणि बांधणं. तुझ्याकडच्या एका जोगाकबोला मधोमध कापडाची छोटी घुंडी आहे आणि ती कशासाठी ते कळलं नाही, असं तू लिहिलंस. ती उचलायला. असलं आच्छादन वाढलेल्या ताटांवर घालतात, माशा आणि धूळ बसू नये म्हणून, आणि जेवायला बसताना त्या घुंडीला धरून उचलतात. म्हणजे ते आच्छादन रोज वापरात होतं. तिच्यावर कुठे पिवळट डाग असेल तर तो धुऊ नकोस.

कडेला बारीक त्रिकोणांची ओळ आहे म्हणालीस, त्याचाही फोटो काढून गोमोला पाठव. अगदी छोट्या चिंध्या दुमडून ती ओळ करतात, चिलगोज्याच्या दाण्यांसारखी. एवढीशी चिंधीही वाया न घालवणारी बाई काय विचार करत असेल हे गोमो तुला माझ्यापेक्षा चांगलं सांगेल.

आता 'कोरियन दुःखा'चं. इथे मी तुला स्पष्टच सांगते: संयोजकांचं ऐकू नकोस. त्यांना वाईट हेतू नसेल, पण या मागणीला जुना इतिहास आहे. १९१०च्या दशकात, कोरिया जपानच्या ताब्यात असताना, यानागी सोएत्सु हा जपानी कलामीमांसक कोरियन लोककलेच्या प्रेमात पडला. त्याने ती जमवली, जपली, १९२४ मध्ये सोलमध्ये तिच्यासाठी एक संग्रहालयही उघडलं. पण लिहिताना त्याने कोरियन सौंदर्य म्हणजे दुःखाचं सौंदर्य असं मांडलं. लोकांच्या पांढऱ्या कपड्यांतही त्याला शोक दिसला. पुढच्या पिढ्यांतल्या कोरियन अभ्यासकांनी याला कडाडून विरोध केला. राज्यकर्त्यांच्या देशातला माणूस जितांच्या कपड्यांत फक्त अश्रू पाहतो, तेव्हा तो त्यांची ताकद पाहायचं टाळतो, असा तो आक्षेप होता, आणि मला तो पटतो. तुझ्याकडे पांढऱ्या मोशीचा तागा आहे. त्याच्या शेजारी 'वेदना' लिहिलंस तर शंभर वर्षांपूर्वीचीच चूक मुंबईत नव्याने होईल. मोशी पांढरी असते कारण ती उन्हात पांढरी केलेली असते, आणि उकाड्यात ती अंगावर सुखाची वाटते.

कोरियन युद्ध सुरू झालं तेव्हा, १९५० मध्ये, हल्मोनी लहान मुलगी होती. तिच्यावर काय ओढवलं हे घरात कुणाला ठाऊक असेल, तिने कुणाला सांगितलं असेल आणि ते बाहेर सांगायला घरच्यांची हरकत नसेल, तर जरूर लिही. नसेल तर तिच्या नावावर दुसऱ्यांचं दुःख खपवू नकोस. निवेदन छोटं झालं तरी चालेल.

आता गोमो. पत्रात ती 'अडचण' म्हणून येते. प्रदर्शन, संयोजक, कात्री आणि मध्ये उभी गोमो. मला चित्र उलटं दिसतं. हल्मोनीबद्दल जे तुला माहीत नाही ते जवळपास सगळं या एका बाईला माहीत आहे. त्या दमट खोलीच्या दाराशी बसून मोठी झालेली मुलगी आहे ती. भावाची फी मोशीतून निघाली तेव्हा हिच्या शिक्षणाचं काय झालं, हे तू विचारलं आहेस का? मला उत्तर माहीत नाही. पण विणकर आयांच्या घरातल्या थोरल्या मुली त्या काळात काय करत असतील याचा अंदाज करायला फार हुशारी लागत नाही. तो तागा तिच्यासाठी 'साहित्य' नाही. तिने कदाचित त्याचे धागे गुडघ्यावर वळले आहेत.

आणि गेलेल्या माणसाचे कपडे जाळून टाकायची रीत तिच्याकडे आहे. तिने तागा जाळला नाही, तुझ्या वडिलांकडे दिला, यातच तिने काहीतरी ठरवलेलं दिसतं. त्यावर तिच्याशी बोलल्याशिवाय कात्री लावणं मला चुकीचं वाटतं. तिची परवानगी ही औपचारिकता नव्हे, आणि ती नाही म्हणाली तर त्या 'नाही'ला मान द्यावा लागेल, याची तयारी ठेव.

पण मला वाटतं ती नाही म्हणणार नाही, जर तू योग्य गोष्ट विचारलीस. तिचं वाक्य पुन्हा बघ: आईने ते अंगावर घालायला विणलं. आणि मग जोगाकबो कशी होते ते आठव. जोगाकबोसाठी कुणी अखंड तागा कापत नसे. आधी कपडा बेतायचे. जोगोरीची, म्हणजे आखूड अंगरख्याची, बाही, गळा, कळी काढताना जे तुकडे उरत, ते साठवून ठेवायचे आणि त्यातून आच्छादन करायचं. अखंड तागा चिरून तुकडे 'तयार' करणं, हे त्या रीतीच्या अगदी विरुद्ध आहे. तुला ते कुणी सांगितलं नाही, आणि गोमोला रडू आलं ते बहुधा याचमुळे, जरी तिने ते अशा शब्दांत म्हटलं नसलं तरी.

तेव्हा माझी सूचना अशी. गोमोला विचार की या मोशीची उन्हाळी जोगोरी शिवायची का, तिच्या मापाची. सोचॉनमध्ये किंवा सोलमध्ये हानबोक, म्हणजे पारंपरिक कोरियन पोशाख, शिवणारं माणूस ती शोधेल. शिवताना तू तिथे हजर राहा. वाटलं तर वडिलांसाठीही एक. कपडा गोमोचा, तो ती अंगावर घालेल. बेतून झाल्यावर जे तुकडे उरतील ते तुझे, आणि तुझं काम त्या तुकड्यांचं असेल. ते भिंतभर होणार नाही. कदाचित हातभरही होणार नाही. पण हल्मोनी असती तर तिच्या हातात जेवढं उरलं असतं तेवढंच तुझ्या हातात असेल, आणि त्याच शिवणीने तुला ते जोडावं लागेल.

जायचंच तर जूनच्या आसपास जा. हानसानला दरवर्षी त्या दिवसांत मोशीचा उत्सव असतो, विणकर बायका लोकांसमोर बसून काम करून दाखवतात, आणि तिथे मोशीचं संग्रहालयही आहे. नवी मोशी विकत घे, सरावासाठी ती काप, फाड, चुकीची शिव, उसव. सोलला एक दिवस राहिलीस तर आनगुक भागातलं सोल कलाकुसर संग्रहालय बघ. २०२१ मध्ये ते सुरू झालं. हो दोंग-ह्वा नावाच्या संग्राहकाने पत्नीबरोबर आयुष्यभर बायकांचं भरतकाम आणि बोजागी, म्हणजे वस्तू बांधायची-झाकायची कापडं, जमवली होती, लोक त्यांना चिंध्या समजत होते तेव्हापासून. २०१८ मध्ये सुमारे ५,००० वस्तूंचा तो संग्रह त्यांनी या संग्रहालयासाठी दिला. तिथली जोगाकबो बघताना पाट्या वाच. काळ लिहिलेला असतो, कापड लिहिलेलं असतं, पण जुन्या घरगुती जोगाकबोवर करणाऱ्या बाईचं नाव जवळजवळ कधीच नसतं, कारण ते कुणी लिहूनच ठेवलं नव्हतं.

तुझ्याकडे नाव आहे. तेव्हा प्रदर्शनातल्या तिच्या जोगाकबोंच्या पाटीवर कलावंत म्हणून तिचं नाव घाल, जन्मवर्ष, गाव, कापड, सगळं, तुझ्या कामांच्या पाटीवर असेल अगदी तसंच. 'कलावंताच्या आजीच्या संग्रहातून' असं लिहू नकोस. कोरियातच याचं एक सुंदर उदाहरण आहे. चिलगोक भागातल्या काही आज्या म्हातारपणी अक्षरं गिरवायला शिकल्या, आणि २०२० मध्ये त्यांच्यातल्या पाच जणींच्या हस्ताक्षरावरून संगणकाचे पाच फाँट तयार झाले. प्रत्येक फाँटला त्या त्या आजीचंच नाव आहे. कुणाच्या कलेचा विषय म्हणून त्या तिथे नाहीत, अक्षर त्यांचं आहे.

तिच्या वस्तू विकायच्या नाहीत हे कलादालनाशी आधीच लिखित ठरव. तुझ्या कामात तिचा तुकडा असेल तर ते कामही विक्रीबाहेर ठेवावं असं मला वाटतं. सरावाच्या नव्या मोशीतून केलेली कामं विक.

तागा घरी आहे तोवर त्याची काळजी घे. रॅमीचा धागा ताकदवान पण ठिसूळ असतो, एकाच जागी पुन्हा पुन्हा घडी पडली की तिथेच तुटतो. म्हणून घडी मोडून तो जाड नळीवर गुंडाळ, नळीला आधी आम्लविरहित कागद लाव, वरून धुतलेली मलमल. प्लॅस्टिकच्या पिशवीत मुळीच नको. पुण्याच्या पावसाळ्यात आत दमटपणा कोंडून बुरशी धरेल. डांबराच्या गोळ्या त्याला लागू देऊ नकोस. मांडताना थेट ऊन आणि जवळचे प्रखर दिवे टाळ. आणि काहीही करण्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो, लांबी, पन्हा, डाग, कुठे धागा जोडलेला दिसतो ते, सगळं टिपून ठेव.

हे पत्र छापतेय त्याचं एक कारण असं की कोरिया नसला तरी अशा पेट्या पुष्कळ घरांत आहेत. कुणाकडे आजीची नऊवारी आहे आणि तिचे कुर्ते शिवायचेत, कुणी आजीच्या रांगोळ्यांवर चित्रं काढतंय, कुणी तिच्या ओव्यांवर गाणी. ज्यांची आजी अजून आहे त्यांना माझं कळकळीचं सांगणं: तिला 'तुझ्या आठवणी सांग' म्हणू नका. असं म्हटलं की ती म्हणते, माझ्या कसल्या आठवणी. तिच्या हातात काम द्या आणि कामाबद्दल विचारा. हा टाका असाच का? हे कोणी शिकवलं? सासूला आवडायचं का? किती पैसे मिळायचे? बोलताना चेहऱ्यापेक्षा हातांचं चित्रीकरण करा. आणि नाव लिहा. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावी फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, तेव्हा ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गाव टिपलं. त्यामुळे आज ती ओवी 'लोकसाहित्य' म्हणून हवेत तरंगत नाही, ती अमुक गावच्या अमुक बाईची असते. घरातल्या वस्तूंसाठी एवढं आपण करू शकतो. वस्तूवर भावंडांचा, आत्या-काकांचा हक्क असेल तर आधी त्यांच्याशी बोला, फोटो दाखवा, काय करणार ते सांगा. कापलेलं कापड परत जोडता येतं, पण तो अखंड तागा परत मिळत नाही.

तुझ्या शेवटच्या प्रश्नाला अजून उत्तर दिलेलं नाही: हल्मोनीने मला कधी जवळ घेऊन काही म्हटलं नाही, मग प्रेम होतं हे मी कशावरून म्हणू? म्हणू नकोस. तुला माहीत आहे तेवढंच दाखव. ती पुण्याला आली आणि सूप केलं. तिने गिमच्या पुड्या पाठवल्या आणि त्या बोजागीत बांधून पाठवल्या, आणि त्या बोजागी तुम्ही कधी परत पाठवल्या नाहीत, कपाटात ठेवल्या. त्या सगळ्या काढ. पार्सलावरचे तिच्या अक्षरातले पत्ते असतील तर तेही. हे प्रदर्शनात असू दे. प्रेम होतं की नव्हतं हे बघणाऱ्याला ठरवू दे, त्याला ते कळेल.

संयोजकांना या आठवड्यात कळव की मुख्य काम बदलतंय आणि तारीख पुढच्या उन्हाळ्यानंतर हवी. युद्धाबद्दलचा मजकूर तू देणार नाहीस हेही त्याच पत्रात लिही, म्हणजे नंतर ओढाताण नको. ते थांबायला तयार नसतील तर याच तारखेला हल्मोनीच्या जोगाकबो, बोजागी आणि तुझे सरावाचे तुकडे एवढंच मांड, आणि मोठी भिंत दुसऱ्या कुणाला द्यायला सांग. पण त्या पत्राच्या आधी गोमोला फोन कर. वडिलांना शेजारी बसव, पण बोलायला तूच सुरुवात कर, मोडक्यातोडक्या कोरियनमध्ये का होईना, आणि ताग्याबद्दल काहीही म्हणायच्या आधी तिला विचार की आई विणायला बसायची तेव्हा ती कुठे बसायची.